सिग्नेच्या बंदुकीचा चाप

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी हार्लन आला आणि वेल्डन कोस्केलाच्या स्वयंपाकघरात बसला. त्याने दोन कप कॉफी संपवली, वेलदोड्याच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "सिग्नेची बंदूक मी घेऊन जातो."

हार्लन हा सिग्नेचा थोरला भाऊ. सिग्ने ही वेल्डनची बायको. ती मार्चमध्ये गेली.

"कशाला?" वेल्डनने विचारलं.

"जावयाला देतो. डेरिकला. यंदा तो कॅम्पवर येतोय. तिची खाट रिकामी आहे, बंदूक रिकामी आहे. पडून पडून गंजेल."

"खाट रिकामी नाही," वेल्डन म्हणाला. "यंदा मी येतोय."

हार्लनने कप खाली ठेवला. एकतीस वर्षांत वेल्डन शिकारीच्या कॅम्पवर एकदाही गेला नव्हता. दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर सिग्ने दोन आठवडे भावांबरोबर रानात जायची आणि वेल्डन घरी राहायचा. खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटायचं. रेडिओ हवा तेवढा मोठा लावता यायचा. ती तिकडे काय करते, कुठे बसते, काय बघते, हे त्याने कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नव्हतं, म्हणून जाऊन बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण हे हार्लनला सांगण्यासारखं नव्हतं.

"तुला नियम माहीत आहे?" हार्लन म्हणाला.

"सांग."

"चौदा तारखेला, मोसमाच्या आदल्या दिवशी, कॅम्पवर सगळे बार काढतात. पन्नास पावलांवर केक ठेवायची कागदी ताटली. तीन गोळ्या. तिन्ही ताटलीत बसल्या तर रानात जायचं. नाही बसल्या तर नाही. अर्धमेलं हरीण झुडपात सोडून येणारा माणूस आम्हाला नको."

"आणि नाही बसल्या तर?"

"तर बंदूक डेरिकची," हार्लन म्हणाला आणि पावाचा चौथा तुकडा उचलला.

दुसऱ्या दिवशी वेल्डन सिग्नेची आखूड बंदूक घेऊन खडीच्या खाणीवर गेला. झाडीत जवळून मारायची बंदूक ती. तिला दुर्बीण नाही, काही नाही. खालची कडी पुढे-मागे केली की गोळी भरते आणि घोडा चढतो. त्याने पुठ्ठ्याला ताटली लावली, पन्नास पावलं मोजली आणि पाच बार काढले. ताटली कोरी राहिली. पुठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक पडलं होतं, पण ते आधीचंही असू शकलं असतं.

वेल्डन रस्त्यांच्या कचेरीत तेहतीस वर्षं कारकून होता. कारकुनाचा एक गुण असतो. चूक झाली की तो आधी स्वतःकडे बघत नाही, सामानाकडे बघतो. चाप ओढताना तो अडत होता, खरखरत होता आणि मग एकदम सुटत होता. तेव्हा वेल्डनला आठवलं: सिग्ने दर वर्षी परत आली की म्हणायची, "हा चाप म्हणजे म्हातारी गाय गोठ्यातून ओढण्यासारखं आहे. वेल्डन, याचं काहीतरी कर." आणि वेल्डन दर वर्षी म्हणायचा, "करतो." असं त्याने निदान दहा वर्षं म्हटलं असेल.

मग ठरलं. चाप हलका करायचा.

पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे कचेरीत भिंतीवर लिहिलेलं होतं. मासे तोलायचा हुकाचा काटा त्याने रिकाम्या बंदुकीच्या चापाला अडकवला आणि ओढला. साडेआठ पौंड. हे त्याने वहीत तारखेसह लिहिलं. खाली सहीसुद्धा केली. कुणासाठी, ते विचारू नये.

शेजारच्या पेंबर्थीबाई दर मंगळवारी पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, घेऊन येत. सिग्ने गेल्यापासून त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं आणि वेल्डनला नाही म्हणता आलं नव्हतं. त्यांनी टेबलावर बंदूक पाहिली.

"हे काय चाललंय?"

"चाप हलका करतोय."

"टूथपेस्ट लाव. आमचे हे नेहमी टूथपेस्टने घासायचे."

"त्यांचा नेम चांगला होता?"

"छे. पण बंदुकीला वास छान यायचा."

लोखंडी सामानाच्या दुकानात गेल्यावर तर पंचायतच भरली. एकाने सांगितलं, स्प्रिंग कापून टाक. दुसरा म्हणाला, स्प्रिंग कापणारा माझा मेव्हणा आता डाव्या हाताने जेवतो. तिसऱ्याने चापाचा विषयच सोडला आणि वेल्डनने चष्मा बदलावा असं सुचवलं. चौथ्याने फक्त वेल्डनच्या खांद्यावर हात ठेवला. मार्चपासून गावात सगळेच त्याच्या खांद्यावर हात ठेवत. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलाय असं त्याला वाटू लागलं होतं.

गावात बंदुका दुरुस्त करणारा एकच, लेस्टर. त्याच्या दारावर पाटी होती: "पंधरा नोव्हेंबरपर्यंत नवीन काम घेणार नाही. रडू नये." वेल्डन तरी आत गेला.

"पाटी वाचली?" लेस्टरने मान वर न करता विचारलं.

"वाचली."

"मग?"

"सिग्नेची बंदूक आहे."

लेस्टरने हातातलं काम ठेवलं, बंदूक घेतली, रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, चाप एकदा ओढला आणि परत दिली. "हिला काही झालेलं नाही. घरी जा. काड्या करू नकोस."

आता एखाद्या कारकुनाला "काड्या करू नकोस" म्हटलं की पुढे काय होतं, हे सरकारला विचारा.

मध्येच परवान्याचा घोळ निघाला. वेल्डनचा जन्म एकसष्टचा. साठनंतर जन्मलेल्याने शिकारीचा वर्ग केल्याशिवाय परवाना नाही. म्हणून तो दोन शनिवार अग्निशमन केंद्रात बारा वर्षांच्या पोरांत बसला. खुर्च्या त्यांच्या मापाच्या होत्या. पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" परीक्षेत तो तिसरा आला. पहिल्या दोघांचं वय मिळून त्याच्या निम्मंही नव्हतं.

परवान्याच्या कचेरीतून कार्ड आलं ते मात्र त्याच्या नावाचं नव्हतं. ते सिग्नेच्या नावाचं होतं. "आपण यंदाचा परवाना अजून घेतलेला नाही. विसरलात का?" वर शेपूट उडवणाऱ्या हरणाचं चित्र.

वेल्डनने फोन केला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नाव काढायचं असेल तर त्यांनी स्वतः फोन करायला हवा."

"त्या वारल्या."

"अरेरे. मग त्यांनी लेखी अर्ज केला तरी चालेल."

तेहतीस वर्षं वेल्डनने स्वतः खिडकीच्या आतून लोकांना अशीच उत्तरं दिली होती, त्यामुळे त्याला राग येईना. तो म्हणाला, "सांगतो तिला," आणि त्याने फोन ठेवला. कार्ड फ्रिजवर लावलं. ते चांगलं दिसत होतं.

मग एका मंगळवारी त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनं टेबलक्लॉथ पसरलं आणि बंदूक उघडली. उघडणं सोपं होतं. मोजून एकोणीस तुकडे निघाले, ते त्याने अंड्यांच्या खोक्यात क्रमाने ठेवले. बारीक कागदाने चापाचा दात घासायला घेतला. थोडं घासायचं, पुसायचं, बघायचं. दुपारपर्यंत तो दात आरशासारखा झाला. वेल्डनला इतकं बरं वाटलं की त्याने मार्चनंतर पहिल्यांदा शीळ घातली. त्याच क्षणी एक स्क्रू चिमट्यातून उडाला.

तीन दिवस तो स्क्रूसाठी गुडघ्यांवर होता. चुलीखाली त्याला सिग्नेची दोन बटणं सापडली, एक पेन्सिल सापडली, स्क्रू सापडला नाही. पुढच्या मंगळवारी पेंबर्थीबाई आल्या, त्याच्यासमोर बसून पेस्टी केचपमध्ये बुडवून खाऊ लागल्या आणि एकदम थांबल्या.

"वेल्डन," त्या तोंडावर हात धरून म्हणाल्या, "तुझ्या केचपात लोखंड आहे."

स्क्रू मिळाला. पेंबर्थीबाईंच्या दाताचा तुकडा गेला. त्यांनी तो रुमालात बांधला आणि "सिग्नेसाठी म्हणून काही बोलत नाही," असं वीस मिनिटं बोलत राहिल्या.

बंदूक जोडली. काट्याने मोजलं: अडीच पौंड. वहीत सही. आता फक्त एक चाचणी उरली. वर्गात मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं की घोडा चढवून मागच्या लाकडी कुंद्याला हलका धक्का द्यायचा. घोडा पडला तर बंदूक धोक्याची. वेल्डन बंदूक घेऊन गॅरेजमध्ये गेला. बंदूक जोडल्यावर परवा खाणीवर सहा गोळ्या भरल्या होत्या आणि सहा बार काढले होते, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने कडी ओढली, घोडा चढवला आणि रबरी हातोड्याने कुंद्यावर टक् केलं.

बार पाच काढले होते.

आवाज इतका मोठा होता की तो आवाज आहे हेच त्याला आधी कळलं नाही. मग कळलं की आपण उभे आहोत. मग कळलं की मोठा फ्रीजर फुसफुसतोय.

पोलिसांचा डेप्युटी आला, कारण पेंबर्थीबाईंनी फोन केला होता. तो तरुण होता आणि त्याला सगळं लिहून घ्यायचं होतं.

"कुणी जखमी?"

"फ्रीजर."

"आत काय होतं?"

"हरीण. गेल्या वर्षीचं."

डेप्युटीने झाकण उघडलं. वर सिग्नेच्या अक्षरातली पुडकी होती: 'पाठीचं', 'रश्श्याचं', 'हार्लनला देणे', आणि गेल्या नोव्हेंबरच्या तारखा. मार्चपासून वेल्डनने ते झाकण उघडलं नव्हतं. गोळी 'रश्श्याचं'मधून शिरून 'पाठीचं'मध्ये थांबली होती.

"म्हणजे हे हरीण आधीच मेलेलं होतं," डेप्युटी लिहिता लिहिता म्हणाला.

"हो."

"मग यात गुन्हा काय झाला?"

"मोसम सुरू व्हायच्या आधी मारलं," वेल्डन म्हणाला.

डेप्युटीने त्याच्याकडे पाहिलं, वही मिटली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

मांस वितळायला लागलं होतं. ते ठेवता येईना आणि टाकवेना. वेल्डनने आठ दिवस सकाळ-संध्याकाळ हरीण खाल्लं. उरलेलं गल्लीत वाटलं. प्रत्येक पुडक्याचा कागद मात्र त्याने धुऊन, वाळवून ठेवला. शेवटच्या दिवशी त्याला जेवण उलटलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

लेस्टर स्वतःहून आला. त्याने पाटीवरचा नियम मोडून बंदूक नेली आणि वेल्डनने घासलेला दात चिमट्यात धरून उजेडात बघितला. "हा तू केलास?"

"हो."

"आरसा छान आहे. दाढी करायला वापर." त्याने तो कचऱ्यात टाकला, नवे भाग घातले आणि चार दिवसांनी बंदूक परत दिली. "तीन पौंड. स्वच्छ सुटतो. हातोडा, कुंदा, काहीही मार, घोडा पडणार नाही. पण सवय कर. भरपूर बार काढ."

वेल्डनने केली. ऑक्टोबरची उन्हं चांगली होती. खडीच्या खाणीवर शर्टाच्या बाह्या दुमडून तो रोज बार काढायचा. चाप आता लोण्यातून सुरी जावी तसा सुटत होता. महिनाअखेरीला तिन्ही गोळ्या ताटलीत बसू लागल्या. एकदा तर तिन्ही भोकं एका हाताच्या पंजाखाली झाकली गेली. ती ताटली घेऊन तो घरी आला, दार उघडलं आणि "हे बघ," म्हणाला. मग ताटली टेबलावर ठेवली आणि कोट न काढताच बराच वेळ बसून राहिला.

चौदा नोव्हेंबरला कॅम्पवर गुडघाभर बर्फ होता आणि इतकी थंडी की नाकातला श्वास कडकड वाजत होता. कॅम्प म्हणजे लाकडाची एक लांबट खोली, आत सहा खाटा आणि एक चूल; बाहेर लाकूडफाटा. हार्लन, त्याचे दोन चुलतभाऊ आणि पुलापलीकडच्या शहरातून आलेला जावई डेरिक. डेरिकचे बूट इतके नवे होते की चालताना ते बोलत.

एकेकाने तीन-तीन बार काढले. डेरिकनेसुद्धा, हार्लनच्या बंदुकीने, कसेबसे ताटलीच्या कडेला बसवले. मग हार्लन म्हणाला, "चल वेल्डन."

तोवर वेल्डन अर्धा तास बर्फात उभा होता. हातात सिग्नेचेच जाड मोजे होते, बाहेरून कातडं, आतून लोकर, उजव्याला चापाच्या बोटापुरती वेगळी जागा शिवलेली. त्याने बंदूक खांद्याला लावली, ताटली शोधायला लागला आणि बोट हळूच चापावर न्यायला लागला. बोट चापाला कधी लागलं ते त्याला कळलंच नाही. धाड! दहा पावलांवर बर्फाचं कारंजं उडालं.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

"मोजा काढ," एक चुलतभाऊ म्हणाला.

वेल्डनने मोजा काढला. उघडं बोट अर्ध्या मिनिटात लाकूड झालं. त्याने श्वास रोखला, ताटली नळीच्या टोकावरच्या माशीवर घेतली, आणि तो 'आता' म्हणायच्या आधीच बंदूक 'आता' म्हणाली. ताटलीच्या वरची एक फांदी पडली.

"बास," हार्लन म्हणाला.

"एक गोळी उरलीय."

"तिन्ही हव्यात. एक कशाला जाळतोस?" हार्लन जवळ आला, बंदूक घेतली, उरलेली गोळी काढली आणि मोज्यातल्या बोटाने रिकामा चाप ओढून पाहिला. टक्. त्याच्या कपाळाला आठी पडली. घोडा चढवून त्याने परत ओढला. टक्.

"हे काय केलंस तू?"

"हलका केला. साडेआठचा तीन. ती दहा वर्षं सांगत होती."

"काय सांगत होती?"

"की गाय ओढण्यासारखा चाप आहे. काहीतरी कर म्हणून."

"अरे, बापाने मुद्दाम तसा ठेवला होता तो! मोज्यात बोट आंधळं असतं. चाप जड असला की आंधळ्याला काठी मिळते. रेलता येतं त्याच्यावर. तिने लेस्टरलासुद्धा कधी हात लावू दिला नाही."

"मग मला का सांगायची?"

हार्लन बर्फात थुंकला. "सिग्ने कशाबद्दल कुरकुरत नव्हती? कॅम्पच्या छपराबद्दल तीस वर्षं कुरकुरली. मी चढलो एकदा दुरुस्त करायला, तर म्हणाली, उतर खाली, पडशील. कुरकूर केली म्हणजे दुरुस्त करायचं असतं असं तुला कुणी सांगितलं?"

एकतीस वर्षांच्या संसारात ही माहिती वेल्डनला कुणी दिली नव्हती.

सगळे आत गेले. हार्लनने बंदूक डेरिकच्या खाटेवर टाकली. नियम तो नियम. डेरिक म्हणाला, "थँक्स," आणि मग वेल्डनचं तोंड बघून, "सॉरी."

सिग्नेची खाट चुलीशेजारची. वेल्डन तिच्यावर बसला, त्याने वाकून बूट काढले आणि मग मान मागे टाकून वर पाहिलं. छताच्या तुळईला खिळ्यांनी कापडाचे तुकडे ठोकलेले होते. चाळीस-पन्नास असतील. फिकट, धुरकट, हातरुमालाएवढे.

"हे काय आहे?"

"हरणावर बार काढला आणि चुकला की शर्टाचा मागचा शेपटा कापून इथे लावायचा," हार्लन म्हणाला. "आजोबांपासून चालत आलंय."

वेल्डन खाटेवर उभा राहिला. आपली बायको कधी चुकत नाही, असं त्याने गावात कित्येक जणांना सांगितलं होतं. तिने ते कधी खोडलं नव्हतं. त्याच्या डोक्यावरच्या एका ओळीत सात तुकडे होते आणि प्रत्येकावर शाईने सिग्नेचं नाव आणि साल. पण शर्ट तिचे नव्हते. तपकिरी कॉर्डरॉय त्याचा होता. तो निळा फ्लॅनेलही त्याचाच.

"ती माझे शर्ट घालायची?"

"नेहमी. म्हणायची, ऊब जास्त आहे."

ओळीतला शेवटचा तुकडा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा. गेल्या वर्षीचं साल. तो शर्ट वेल्डनने नाताळात सगळं घर पालथं घालून शोधला होता. सिग्ने म्हणाली होती, "जुना झाला, दानाच्या पेटीत टाकला." त्यावरून तो चिडला होता. माझी वस्तू मला न विचारता का दिलीस म्हणून दोन दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. पुढे जानेवारीत दुखणं निघालं, आणि मार्च.

"मला सांगितलं नाही तिने," तो म्हणाला.

"चुकल्याचं कोण सांगतं?" हार्लन म्हणाला. "त्या दिवशी मोठं हरीण होतं, वीस पावलांवर. तिला खोकला आला."

वेल्डन तुकड्याकडे बघत उभाच राहिला. दोन दिवस. त्याने मनात मोजायचा प्रयत्न केला की त्या दोन दिवसांत ती काय काय बोलली असती. कारकुनालाही ते जमेना. चुलीवर बटाटे उकळत होते. कुणी त्याला उतर म्हणालं नाही.

तेवढ्यात मागे टक् झालं. डेरिक मोजा घालून आपली नवी बंदूक चालवून बघत होता. पुन्हा टक्. घोडा पडला तेव्हा नळी त्याच्याच बुटाकडे होती.

हार्लन उठला. त्याने ती बंदूक जावयाच्या हातातून काढून घेतली, वेल्डनपाशी आला आणि पुढे धरली. "घे बाबा. ही याला दिली तर माझी मुलगी विधवा व्हायची."

शब्द बाहेर पडला आणि खोली गार झाली. चुलतभाऊ बटाट्यांकडे बघू लागले. हार्लनचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. "म्हणजे... मला तसं... तू ठेव. तुझी आहे."

आणि वेल्डन हसला. खाटेवर पायमोज्यांनिशी उभा, डोकं तुळईला टेकलेलं, तो असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. हसू थांबेना. शेवटी ते हसू राहिलं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं आणि सगळे घाईघाईने ताटं मांडायला लागले.

जेवणं झाली. हार्लनने दिव्याची वात कमी केली. पहाटे पाचला सगळ्यांना निघायचं होतं, आणि वेल्डनने कॉफी करायची असं ठरलं होतं. त्याने बंदूक सिग्नेच्या खाटेवर भिंतीकडे ठेवली आणि स्वतः कडेला आडवा झाला.

"वेल्डन," अंधारातून हार्लन म्हणाला.

"काय?"

"रिकामी आहे ना ती?"

"आहे."

"बघ एकदा."

वेल्डन उठून बसला. कडी ओढली आणि आत बोट घालून पाहिलं. आत कुणी नव्हतं.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

"बरं. झोप आता."